गार इस्त्री आणि ओलं बोट

मित्रांनो, मी एक जुनी इस्त्री आहे, कोळशाची. वायर, बटण, लाल दिवा असली मिजास मला नाही. मला एक झाकण आहे, एक कडी आहे, लाकडी मूठ आहे आणि भलंमोठं पोट आहे. त्या पोटात एके काळी निखारे असायचे. सध्या त्यात माती भरून मनीप्लँट लावला आहे आणि मला दिवाणखान्यातल्या बुटक्या कपाटावर बसवलं आहे. पाहुणे येतात, माझ्याकडे बघतात आणि "अय्या, किती गोड!" म्हणतात. मला आयुष्यात कोणी गोड म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं अशी माझी इच्छाही नव्हती. मी पहिल्यापासून तापट. राग माझ्या नाकावर असायचा, आणि तोही खराखुरा, कारण कॉलरच्या कोपऱ्यात शिरणारं माझं टोक नेहमीच कढत असायचं.

आता तुम्हाला वाटेल, ही म्हातारी शेवटी "मला जपा, मला पुसा" असं रडगाणं गाणार. छे! मला रोज पुसतात. मऊ फडक्याने, पावडर लावून, अगदी लखलखेपर्यंत पुसतात. त्या पुसण्यानेच माझं डोकं उठलं आहे. का, ते कळायला तुम्हाला सगळी गोष्ट ऐकावी लागेल.

माझा जन्म एका ओतकाम करणाऱ्याच्या शेडमध्ये झाला. फुटकी भांडी, गळका नळ, दाराच्या मोडक्या बिजागऱ्या असलं भंगारातलं पितळ त्याने वितळवलं, वाळूच्या साच्यात ओतलं आणि मी झाले. मी फार कुरकुर करते असं कोणाला वाटलं तर त्या बिजागऱ्यांना बोल लावा. मला विकायला ठेवलं तेव्हा बऱ्याच जणांनी उचलून पाहिलं आणि "बाप रे!" म्हणून खाली ठेवलं. मग एक काळ्याभोर केसांचा, सडपातळ माणूस आला. त्याने मला उचललं, हवेत मागेपुढे झुलवलं आणि "हं, ही बरोबर आहे," एवढंच म्हणाला. हेच माझे मालक. पुढे सगळी गल्ली त्यांना काका म्हणायला लागली, म्हणून मीही काकाच म्हणते.

काकांचं दुकान एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. दुकान म्हणजे काय, एक टेबल, त्यावर जाड कांबळं, कांबळ्यावर पांढरी चादर, पाण्याचा वाडगा आणि कोपऱ्यात कोळशाचं पोतं. जिन्यावरून कोणी धावत गेलं की वरून धूळ पडायची, मग काका मान वर करून ओरडायचे, "अरे, हळू! पांढरे कपडे आहेत खाली!" टेबलाच्या दुसऱ्या बाजूला काकू उभ्या असायच्या. काकू म्हणजे काकांची बायको. काका इस्त्री फिरवायचे, काकू घडी घालायच्या. काकांच्या हातून कपडा सुटला की तो थेट काकूंच्या हातात. बाह्या मागे, पोटावर एक दुमड, कॉलर वर, आणि शेवटी घडीवर तळहाताचा एक दाब. दोघांपैकी एक आजारी पडला तर दुकान बंद, कारण काकांना घडी नीट जमायची नाही आणि काकूंना माझं वजन पेलायचं नाही.

मी तापले की नाही हे बघायची काकांची एक रीत होती. उजव्या हाताचं बोट जिभेला लावायचं, मला जरा उचलायचं आणि ते ओलं बोट माझ्या तळाला झटकन टेकवून काढायचं. चर्र असा आवाज आला की मी तयार. आवाज फुसका आला की आणखी वारा घालायचा. आवाज फारच चढा आला तर मला बाजूला ठेवून द्यायचं, "जरा थंड घे बाई," असं म्हणून. शेजारचा चहावाला म्हणायचा, "काका, एक दिवस बोट भाजेल हो." काका म्हणायचे, "मला नाही भाजत ती. तू लावून बघ, मग सांग." ते ऐकून मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू! कोणावर तरी आपला राग निघत नाही, याचंही एक सुख असतं.

आणखी एक सांगायचं म्हणजे काका-काकूंनी एकमेकांचं नाव कधी घेतलं नाही. ते "अगं" म्हणायचे, त्या "अहो" म्हणायच्या. गिऱ्हाइकांशी बोलताना काका "आमची ही" म्हणायचे. आता मीही त्यांची हीच. "ही आज तापतच नाही," असं काका म्हणाले की गिऱ्हाइकं हसायची, आणि काकू घडी घालता घालता डोळे वटारायच्या. या "ही"वरून दुकानात रोज काहीतरी थट्टा चालायची. तेव्हा मला ती थट्टाच वाटत होती.

त्या जिन्याखाली लोक नुसते कपडे द्यायला येत नव्हते. इमारतीत राहणाऱ्या एक नर्सबाई होत्या. ड्यूटीवरून आल्या की त्यांचा चेहरा ओढलेला असायचा. कपडे टाकायच्या आणि टेबलाला टेकून उभ्या राहायच्या. काका मला सरळ ओढून न्यायचे, मग वळवायचे, मग परत आणायचे. नर्सबाई बघत राहायच्या. "आणखी एक शर्ट बघते आणि जाते," म्हणायच्या, आणि तीन-चार शर्ट होईपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "काका, रोज तेच तेच. कंटाळा नाही येत?"

"सुरकुत्या यायच्या बंद झाल्या तर येईल," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे आज घालवली की उद्या परत येणार. कपडा नुसता घडीत ठेवायला असतो का? कोणीतरी घडी मोडणार, घालणार, बसणार, उठणार, चुरगळणार. मग परत आपल्याकडे. म्हणून तर सकाळी उठून यावंसं वाटतं."

"याला डोकं लागतं की काय?" काकू म्हणाल्या. "हात चालू असले की हे गप्प असतात, आणि हे गप्प असले की मला बरं वाटतं. झालं." नर्सबाई खळखळून हसल्या आणि घरी गेल्या.

अशी वर्षं गेली. विजेच्या इस्त्र्या आल्या. काकांच्या मुलाने एक आणूनही दिली. काकांनी तिला हातात धरलं, "हिला वजनच नाही, कपड्याला कळणार कसं कोणी आलंय ते," असं म्हणाले आणि पुन्हा खोक्यात ठेवली. मुलगा चांगला शिकला. माझ्याच कडक इस्त्रीचे शर्ट घालून शाळेत गेला, मुलाखतीला गेला, ऑफिसात लागला, लग्नाला उभा राहिला. त्याच्या संसाराची घडी बसली. माझ्याकडे त्याने कधी निरखून पाहिलं असेल असं मला वाटत नाही, पण त्याला तरी काय म्हणा, घरातल्या इस्त्रीकडे कोण बघतं?

मग काकांचं बिघडायला लागलं. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. बोट लावायचे, चर्र व्हायचं, आणि लगेच पुन्हा बोट लावायचे. "तापली का गं?" "अहो, आत्ताच तर बघितलंत!" मग कपड्यांची अदलाबदल सुरू झाली. वरच्या मजल्यावरच्या किडकिडीत मास्तरांना जाडजूड व्यायामवाल्याची पँट गेली. मास्तर ती कमरेला धरून खाली आले तेव्हा सगळी गल्ली हसली आणि काकाही हसले. पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी टेबलाआडून एका हाताने काकांचा सदरा घट्ट धरून ठेवला होता, ते मी पाहिलं.

नंतर एका दुपारी नर्सबाईंच्या पांढऱ्या कोटावर काकांनी मला ठेवलं आणि ते रस्त्याकडे बघत बसले. मी तापलेली. सरकायचं म्हटलं तर मला पाय नाहीत. कोटावर माझ्याच आकाराचा तपकिरी डाग उठला. नर्सबाई "असू दे काका," म्हणाल्या, पण घरी जाताना त्यांनी काकूंना बाजूला घेऊन डॉक्टरांचं नाव सांगितलं. आणि त्यानंतर काही दिवसांनी कांबळ्यानेच पेट घेतला. काकू डबा आणायला घरी गेल्या होत्या. चहावाल्याने आरडाओरडा केला, कोणीतरी बादली उपडी केली, माझ्या पोटातले निखारे फसफसून विझले आणि जिन्याखाली नुसता धूर झाला. काका पायरीवर बसून "कोणाचं काय जळतंय?" असं विचारत होते.

संध्याकाळी मुलगा आला. तो डोक्यात राख घालूनच आला होता.

"आई, बास झालं. उद्यापासून दुकान बंद. ती इस्त्री एक दिवस सगळी इमारत जाळेल."

मी जाळेन म्हणे! माझ्या हातात काय होतं? मला हातच नाहीत, मूठ आहे, आणि ती दुसऱ्याने धरायची असते. पण इस्त्रीची बाजू कोण ऐकतो? मला एका पोत्यात गुंडाळून घराच्या माळ्यावर टाकलं. शेजारी फुटकी बादली आणि जुना पंखा. तिथे मी गार पडले. रोज रात्रीसारखी नव्हे, कायमची गार पडले.

माळ्यावरून मला सगळं ऐकू यायचं, आणि पोत्याच्या भोकातून थोडंफार दिसायचंही. काकांना घरी करमत नव्हतं. दिवसभर येरझाऱ्या. "दुकान उघडायचंय, गिऱ्हाइकं उभी असतील," असा एकच धोशा. दार उघडं राहिलं की ते निघायचे, आणि मग बंद दुकानासमोरून चहावाला त्यांना हाताला धरून आणायचा. घरात बसवलं की हात सारखे चालू. टेबलावरचं प्लास्टिक, वर्तमानपत्र, उशीचा अभ्रा, जे समोर येईल त्यावरून तळहात दाबून फिरवायचे. कोणी थांबवलं की ओरडायचे, वस्तू फेकायचे. काकू त्यांना कवेत धरून बसायच्या आणि "हो हो, जाऊ या हं," म्हणायच्या.

डॉक्टर म्हणाले, "त्यांचं मन शांत राहील असं काहीतरी द्या." मुलाने मन लावून प्रयत्न केले, हे मला मान्य केलंच पाहिजे. दाबायला मऊ रबरी चेंडू आणला. काकांनी तो खिडकीबाहेर टाकला. रंगवायला चित्रं आणली. काकांनी कागदावर हात फिरवून फिरवून सुरकुत्या काढल्या आणि तो बाजूला ठेवला. मग एक छोटं यंत्र आणलं, त्यातून बासरी आणि धबधब्याचा आवाज यायचा. काकांनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि हाक मारली, "अगं, नळ चालू राहिलाय बघ! पाणी वाया जातंय!" सूनबाई खुदकन हसली, मुलगाही हसला आणि मग तोंड फिरवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर काकू स्टुलावर चढल्या. त्या वयात! मला दोन्ही हातांनी कशीबशी खाली काढली, पोटातली जुनी राख झटकली, जेवणाच्या टेबलावर एक जुनी सतरंजी आणि तिच्यावर चादर घातली आणि मला काकांसमोर ठेवलं. आत एकही निखारा नाही.

काकांनी मला पाहिलं मात्र, त्यांची येरझार थांबली. मूठ धरली. मला झुलवलं. आणि बोट जिभेला लावून माझ्या तळाला टेकवलं.

काही आवाज नाही. काकांनी पुन्हा बोट ओलं केलं, पुन्हा टेकवलं. मी गार. मित्रांनो, त्या क्षणाइतकी लाज मला कधी वाटली नाही. तो माणूस माझ्यापुढे बोट घेऊन उभा आणि माझ्याजवळ द्यायला काही नाही. काकांचा चेहरा बदलायला लागला. आता हे मला भिरकावून देणार असं वाटलं, आणि तेवढ्यात त्यांच्या पाठीमागून आवाज आला, "चर्र!"

काकूंनी तोंडाने केला होता तो. दात आवळून, जीभ टाळ्याला लावून, अगदी हुबेहूब. इतकी वर्षं तो आवाज ऐकला होता त्यांनी.

काकांचे डोळे उजळले. "तापली," ते म्हणाले आणि त्यांनी मला चादरीवर ठेवून सरळ ओढलं.

तेव्हापासून ते नाटक रोज चाललं. खरं सांगते, पहिले काही दिवस माझा नुसता जळफळाट व्हायचा. मी काय खेळण्यातली इस्त्री आहे? माझ्याच्याने एक सुरकुती हलत नव्हती. काका मला फिरवायचे आणि मागून काकू ओल्या हाताने चादर ताणून घ्यायच्या, म्हणजे इस्त्री झाल्यासारखी दिसावी. मग त्या घडी घालायच्या, वर तळहाताचा दाब द्यायच्या, आणि "हे नर्सबाईंचं झालं हं," असं म्हणून ती घडी आतल्या खोलीत न्यायच्या. आत गेल्यावर काय करायच्या माहीत आहे? घडी मोडायच्या. चादर झटकायच्या, दोन्ही मुठींत घेऊन चांगली चुरगळायच्या आणि परत बाहेर आणायच्या. "अहो, मास्तरांचे कपडे आलेत. उद्या सकाळी हवेत म्हणे." की काका कामाला लागले. चादर तीच. जन्मभर ज्या बाईने घड्या घातल्या, ती आता दिवसभर घड्या मोडत होती.

पण काका शांत झाले. दारापाशी जाणं थांबलं. ओरडणं थांबलं. जेवायला लागले, झोपायला लागले. मुलगा लोकांना सांगायचा, "बाबांना आता बरंच बरं आहे, औषध लागू पडलं." काकू कंबरेला हात लावून खुर्चीत बसायच्या आणि लगेच उठायच्या, कारण काकांची चादर संपत आलेली असायची. एकदा सुट्टीच्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, जरा पडा ना." काकू म्हणाल्या, "पडते गं. कंटाळा आलाय मला. मीपण माणूसच आहे. पण हे उभे आहेत ना." त्या दिवशी त्यांची पडायची वेळ आलीच नाही.

आता एक कडू दिवस सांगते. काकांना कधीकधी काकूंची ओळख पटायची नाही. "अहो बाई, आमची ही कुठे गेली?" असं ते काकूंनाच विचारायचे. काकू सांगायच्या, "बाजारात गेलीय. येईल एवढ्यात." तेवढं त्यांनी पचवलं होतं. पण त्या दिवशी काकू घडी घेऊन आत निघाल्या, ते काकांनी पाहिलं आणि त्यांचा हात धरला. "चोर! गिऱ्हाइकाचे कपडे पळवतेस? थांब, आमची ही येऊ दे, मग बघतो तुझ्याकडे!"

काकूंनी हात सोडवून घेतला. चादर टेबलावर आपटली. "मी चोर? चालू द्या तुमचं दुकान. मोडा तुमच्या घड्या तुम्हीच!" आणि भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसल्या.

काका टेबलाशी परत आले. भांडण कशावरून झालं हे ते विसरले असावेत. त्यांनी माझी मूठ धरली, बोट ओलं केलं आणि माझ्या तळाला टेकवलं. काकू बोलल्या नाहीत. काकांनी पुन्हा बोट लावलं. काकूंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी बोलेनात. मी मनात म्हणत होते, अहो म्हणा ना, एकदा म्हणा! माझी पण काय बुद्धी, जी नाटकावर जळत होती तीच आता नाटकासाठी हात जोडत होती.

काका मला बाजूला ठेवून वळले. आवाज एकदम मऊ. "अगं, आज ही तापत नाहीये. तुला बरं नाहीये का?"

त्यांना किती कळत होतं आणि किती नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. काकूंनी पदराने नाक पुसलं, उठल्या, काकांच्या पाठीला कपाळ टेकवलं आणि म्हणाल्या, "चर्र." रडता रडता म्हटल्यामुळे तो आवाज जरा ओला आला. काका म्हणाले, "हां. आता कसं." आणि चादर पुढे ओढली.

काकू गेल्या तेव्हा सकाळची वेळ होती. आतल्या खोलीत चादर चुरगळताना त्या खाली बसल्या आणि पुन्हा उठल्या नाहीत. चादर त्यांच्या मांडीवर होती. बाहेर काका टेबलाशी उभे राहून गिऱ्हाइकाची वाट बघत होते. सुट्टी होती म्हणून मुलगा घरात होता, नाहीतर कोणाला कळायला संध्याकाळ झाली असती.

माणसं आली, गेली. घर पुन्हा शांत झालं. मुलाने एका सकाळी टेबलावर सतरंजी घातली, चादर घातली आणि मला काकांसमोर ठेवलं. "करा बाबा इस्त्री. तुम्हाला आवडतं ना?"

काकांनी मूठ धरली. बोट ओलं करून माझ्या तळाला टेकवलं, आणि मान जराशी मागे वळवून थांबले.

"तापली नाही," ते म्हणाले.

"तापलीय बाबा. करा ना."

पुन्हा बोट. पुन्हा मान मागे. "नाही तापली."

"अहो बाबा, तापलीय! मी सांगतोय ना!"

मुलगा विनवत होता, जीव तोडून विनवत होता, आणि त्याला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती. कशी असणार? दिवसभर तो ऑफिसात. आणि काकूंनी ती कोणाला सांगितलीच नव्हती, सांगण्यासारखं काही आहे असंच त्यांना वाटलं नव्हतं. मला माहीत होती. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बोलायचं तोंड नाही. झाकण उघडलं तर त्यातून उरलीसुरली राखच पडणार.

काकांनी मला खाली ठेवलं. "हिला काय झालंय रे?" त्यांनी विचारलं.

मुलगा माझ्याकडे बघून म्हणाला, "काही नाही झालं बाबा. जुनी झालीय नुसती."

काका खुर्चीत जाऊन बसले. काही दिवस मुलाने रोज सगळी मांडामांड केली, विजेची इस्त्रीसुद्धा हलकी गरम करून दिली. तिला काकांनी हात लावला नाही. शेवटी सूनबाई म्हणाली, "आता करतच नाहीत, तर टेबल कशाला अडवायचं?" बोलणं चुकीचं नव्हतं. चादर धुवून, इस्त्री करून, घडी घालून कपाटात गेली. ती घडी अजून कोणी मोडलेली नाही. माझ्या पोटात माती आली आणि मी कपाटावर चढले.

काका आता ओरडत नाहीत. गोळ्या देतात त्यांना, त्यामुळे ते खुर्चीत गप्प असतात. येणारे म्हणतात, "किती शांत झालेत हो!" हे ऐकलं की मला अंगभर कढ येतात. निखारे असते तर मी त्या कपाटाला भोक पाडलं असतं. या शांततेला काय म्हणायचं ते म्हणा, पण ती चादरीवरची शांतता नव्हे, ती मी पाहिलेली आहे.

पण एक गोष्ट त्या गोळ्यांनाही जमलेली नाही. दिवसातून कितीदा तरी काका खुर्चीतून उठतात, भिंत धरत धरत माझ्याकडे येतात. बोट जिभेला लावतात. मला उचलायचं बळ आता त्यांच्या मनगटात नाही, म्हणून बाजूलाच टेकवतात. मान मागे वळवतात आणि थांबतात. बराच वेळ थांबतात. मग परत जाऊन बसतात. त्या ओल्या बोटाचा माझ्या पितळेवर डाग पडतो. मुलगा म्हणतो, "बाबा, ओलं बोट नका ना लावू, खराब होते ती." आणि तो डाग जाईपर्यंत मला पावडर लावून पुसतात. मी सुरुवातीला म्हटलं ना, मला रोज पुसतात, ते हे.

तेव्हा मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. मला पुसू नका. तो मनीप्लँट राहू दे नाहीतर फेकून द्या, मला काही फरक पडत नाही. पण तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस असंच काहीतरी करून, मान वळवून थांबत असेल, तर "झालंय, झालंय" असं दुरून सांगू नका. ते कशासाठी थांबलंय ते जरा शोधा. फार मोठं काही नसतं हो ते. एवढ्याशा आवाजाचं काम असतं.

हे बघा, आत्ताच खुर्ची सरकली. काका उठले. भिंत धरून येताहेत. बोट जिभेला लावलं. तुमच्यापैकी कोणी त्यांच्या मागे उभं आहे का? असाल तर लाजू नका, हसू नका. दात आवळा, जीभ टाळ्याला लावा आणि म्हणा ना. लवकर म्हणा, त्यांनी मान वळवली आहे.